सातवा फेडर

दुपारी दोनला फोन आला : टेबल येडं झालंय.
नाट्यगृहात त्याला टेबलच म्हणतात,
चोवीस फेडर, एक मास्टर,
कडेला कुणाच्या तरी बिडीचा भाजका डाग.
साडेसातला स्पर्धेचा प्रयोग
आणि सातवा दिवा आपल्याच मनानं
लागतोय, विझतोय, पुन्हा लागतोय.

अशोक चौकात रिक्षातून उतरले
तर डांबर चपलेला धरून बसलं.
आत अंधार, शिळा गारवा,
आणि यादगिरी म्याकल, एकतीस वर्षं त्याच खुर्चीत,
माझ्याकडे नाही, पिशवीकडे बघत म्हणाले,
"मीटर आणलीस नव्हं? मग बस की."

माझे नान्ना मागांवर जॉबर होते.
बंद पडलेल्या मागाला ते आधी हात लावत नसत.
शेजारी उकिडवे बसायचे, बिडी न पेटवता.
म्हणायचे, मोडलेली वस्तू खोटं बोलत नाही,
पण पहिल्याच प्रश्नाला खरंही सांगत नाही.

म्हणून मी आधी केबल बदलली.
दिवा मिचकावतच राहिला.
मग डिमरपाशी सात आणि आठची वायर अदलाबदल केली.
सातवा गप्प झाला.
आठवा, बिचारा कालपर्यंत सरळ वागणारा,
मिचकावू लागला.
म्हणजे दिवे निर्दोष, डिमर निर्दोष.
रोग इथं, आपल्या मांडीवर.

पंधरा स्क्रू. सोळाव्याच्या जागी आगकाडी.
झाकण उचललं तर आत तूस,
शेजारच्या कारखान्यातून वर्षानुवर्षं आलेलं
पांढरं, मऊ, सर्किटवर अंथरलेलं.
एक शेंगेचं टरफल. अर्धी टिकली.
"टिकलीचं मला काय माहीत नाय," यादगिरी म्हणाले,
मी विचारलंच नव्हतं.

ब्रशनं तूस काढलं, स्पिरिटनं पट्टी पुसली.
सातव्याची काळी पट्टी एकाच जागी झिजली होती,
चार ते सहाच्या मध्ये,
माळावर पायवाट पडते तशी.
"तिथं आई मरते," ते म्हणाले.
"कुठल्या नाटकात?"
"सगळ्याच. लेखक कुणी असू दे.
पाचावर आणून थांबवायचं, मग हळूच खाली."

झिजलेल्या जागेवर औषध नसतं.
चोविसावा फेडर काढला,
त्याला कधी दिवाच जोडला नव्हता,
एकतीस वर्षं नुसता रांगेत उभा.
कथलाचा धूर डोळ्यांत गेला,
तीन पाय सुटले, तीन पाय बसले.
मीटरचा काटा शून्यापासून दहापर्यंत
न अडखळता गेला.

मग खरी पंचाईत.
यादगिरींनी अंगठा ठेवला, वर सरकवला,
पाचाशी आल्यावर सवयीनं डावीकडे दाबून
बारीकसा धक्का दिला,
आणि दिवा थेट आठावर.
पुन्हा. पुन्हा आठावर.
चौथ्या वेळी त्यांनी हात काढून घेतला
आणि अंगठा उजेडात धरून
उलटा-सुलटा पाहिला,
मी पट्टी पाहिली होती तसा.

अंगठ्याला मीटर लावता येत नाही.
मी रंगमंचावर गेले, आईच्या खाटेवर आडवी झाले,
डोळे मिटले.
पापण्यांवर उजेड चढायचा, ठेच लागायची, उतरायचा.
बाहेर माग चालू होते, खडाक खडाक,
पोटात भूक, पाठीला सुतळी टोचतेय.
"झालं का?" मी ओरडले.
"एवढ्यात मरू नकोस," काळोखातून आवाज आला,
"अजून एकदा."

अकराव्या की बाराव्या वेळी
उजेड पाचावर आला आणि थांबला.
मी काही बोलले नाही, तेही नाहीत.

बिलावर लिहिलं : फेडर बदलला, नग एक.
सफाई. मजुरी.
प्रयोग पाहायला मी थांबले नाही, शेवटची सिटी बस होती.
निघताना पाहिलं तर ते पडवीत चहा घेत होते,
जुना फेडर सदऱ्याच्या खिशात,
आणि अंगठा खिशावरूनच
वर, खाली,
वर.